विमान आणि बर्फ

पक्ष्याचे पंख पावसाने भिजले, तर तो ते फडफडवून पाणी झटकून टाकतो. विमानाला ही सोय नाही. त्याच्या पंखांवर बर्फ साचला, तर तो मनुष्यानेच काढावा लागतो. महाराष्ट्रात गारा क्वचित पडतात आणि पाहता पाहता विरघळून जातात. तेव्हा असल्या बर्फाचे भय एवढ्या अवजड विमानाला का असावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

विमानाला हवा उचलून धरते, ती त्याच्या पंखांच्या विशिष्ट आकारामुळे. पंखाचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत व किंचित फुगीर असतो. वेगाने वाहणारी हवा त्याला बिलगून जाते आणि पंखाला वर उचलणारे बल उत्पन्न होते. पृष्ठभाग खडबडीत झाला, की हवेचा हा प्रवाह विस्कटतो. पॉलिशकागदासारखा खरखरीत असा बर्फाचा पातळ थरदेखील हे बल सुमारे ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो. म्हणजे बर्फाच्या वजनापेक्षा त्याचा खडबडीतपणाच अधिक घातक होय.

१३ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे हिमवर्षाव चालू होता. तेथील एका बोईंग ७३७ विमानावरील बर्फ काढण्यात आला. परंतु त्यानंतर उड्डाणाची वाट पाहण्यात पाऊण तास गेला व पंखांवर पुन्हा बर्फ साचला. इंजिनाचे बर्फापासून रक्षण करणारी यंत्रणाही वैमानिकांनी चालू केली नव्हती. त्यामुळे इंजिनाच्या मुखाशी असलेली मापननळी बर्फाने बुजली व इंजिनाची शक्ती प्रत्यक्षाहून अधिक भासू लागली. विमान कसेबसे उडाले आणि पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकून थिजलेल्या पाण्यात कोसळले. पुलावरील चौघांसह ७८ माणसे प्राणांस मुकली.

म्हणूनच पंखांवर बर्फ, हिम वा दहिवर चिकटलेले असताना उड्डाण करू नये, असा कडक दंडक आहे. थंड प्रदेशांतील विमानतळांवर उंच शिडी असलेल्या मोटारगाड्या विमानाभोवती उभ्या राहतात व त्यांतून ग्लायकॉल आणि पाणी यांचे ऊन मिश्रण पंखांवर फवारले जाते. ग्लायकॉलमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. मिठानेही हे साधते. पण मीठ धातूला गंजवते, म्हणून ते येथे कामाचे नाही. यानंतर दाट द्रवाचा दुसरा लेप देतात. तो पडणाऱ्या हिमाला पंखावर गोठू देत नाही आणि विमान धावपट्टीवर वेगाने धावू लागताच वाऱ्याने आपोआप ओघळून जातो. मात्र या लेपाचा प्रभाव ठरावीक वेळच टिकतो. तो वेळ टळून गेल्यास पंख पुन्हा तपासावे लागतात आणि आवश्यक तर फवारणीही पुन्हा करावी लागते.

आकाशातील संकट निराळे असते. उंचावरील कित्येक ढगांत पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्य अंशाखालीही न गोठता द्रवरूपच राहतात. विमानाचा स्पर्श होताच ते तत्काळ गोठतात. मुंबईच्या उकाड्यातून निघालेले विमानही थोड्याच वेळात अशा ढगांत शिरू शकते. पुष्कळशा मोठ्या जेट विमानांत इंजिनातील तप्त हवा नळ्यांतून पंखांच्या पुढील कडेपर्यंत नेतात. त्यामुळे तेथे बर्फ धरतच नाही. पंखा असलेल्या कित्येक विमानांच्या पंखांच्या कडेवर रबरी पट्टे बसवलेले असतात. त्यांत हवा भरली, की ते फुगतात, वरचा बर्फ तडकतो आणि वाऱ्याबरोबर उडून जातो. वैमानिकासमोरील काचा व वेग मोजणाऱ्या नळ्या विजेने ऊन ठेवतात.

इतकी साधने हाती असली, तरी पंख स्वच्छ आहेत की नाहीत, हे शेवटी माणसालाच पाहावे लागते. कितीही उशीर झालेला असो, शंका येताच विमान थांबवून पंख पुन्हा तपासणारा वैमानिकच खरा कुशल म्हणावयाचा. कारण शेकडो प्रवाशांचे प्राण त्याच्या त्या सावधपणावर विसंबून असतात.