पडद्यावरचा ‘च’ आणि घरातला ‘च’

पडद्यावरून अक्षरओळख ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा टीव्ही कार्यक्रम १९६९मध्ये सुरू झाला, तो शाळेत जाण्याआधी मुलांची तयारी व्हावी म्हणूनच. पण फार लहान वयात पडदा एकटा पुरत नाही. सिएटलमधल्या पॅट्रिशिया कुल यांच्या २००३च्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच फरक पडला नाही.

मराठी घरांसाठी आणखी एक अडचण. बरेच अक्षर-व्हिडिओ हिंदीत असतात. तिथे ‘ळ’ भेटत नाही, आणि ‘च’ एकाच उच्चाराचा. आपल्याकडे चाकातला ‘च’ वेगळा, चिमणीतला वेगळा. जाळ्यातला ‘ज’ आणि जिऱ्यातला ‘ज’ही तसेच. लिपी हा फरक दाखवत नाही, तो कानानंच शिकावा लागतो. म्हणून व्हिडिओ मध्येच थांबवा. स्वयंपाकघरातला चमचा हातात द्या, चूल, चाक म्हणा, मग चिंच, चिमणी. कुठला आवाज वेगळा वाटतो, हे मुलालाच सांगू द्या. इंग्रजी अक्षरांत ‘बी’ हे नाव आणि ‘ब्’ हा आवाज, दोन्ही सांगणारा व्हिडिओ निवडा. नुसतं नाव घोकून वाचता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी असेल तर उत्तम.