जुन्या मोटारीचा श्वासोच्छ्वास

प्रवरानगरास १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उसाच्या मळीपासून निघणारें इथेनॉल आज अहिल्यानगर जिल्ह्यांतील पेट्रोलांत शेकडा २० पर्यंत मिसळतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या पद्मिनीस हा पाहुणचार मानवत नाहीं. इथेनॉल पाणी शोषितें, जुन्या रबरी नळ्यांना भेगा पाडितें. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलें कीं मोटार पेटावयास विलंब लागत नाहीं. म्हणून आम्हीं इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसविल्या.

इंजिनाच्या उच्छ्वासाची नळीहि तेलकट काजळीनें चोंदते. मग आंतला दाब वाढून सांध्यांतून तेल पाझरतें, आणि मिस्त्री उगाच सांधे बदलीत बसतो! टाकीच्या झाकणाचें छिद्र बुजल्यास चालती गाडी अडते. झाकण सैल करितांच पूर्ववत् चालूं लागते. पेट्रोलचा वास येतांच मात्र वाचकांनीं आधीं इंजिन बंद करावें.