चवीला शब्द देणारा व्यवसाय

वाशिम म्हटलें कीं आज सोयाबीन आणि तुरीच्या राशी डोळ्यांपुढें येतात. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा द्राक्षांसाठीं प्रसिद्ध नाहीं. आणि येथील सुशिक्षित घरांत मद्याचा विषय निघालाच, तर तो बहुधा एखाद्याच्या उद्ध्वस्त झालेल्या संसाराच्या निमित्तानें निघतो. अशा घरांतील श्रोत्यांना, वाइनच्या चवीवर लेख लिहिणें आणि ती चव ओळखावयास शिकविणें हा कोणाचा जन्माचा व्यवसाय असूं शकतो, हें ऐकून नवल वाटेल. पण हा विषय समजून घेण्यास वाशिमहून निघणें तितकेंसें अप्रस्तुत नाहीं.

वाशिमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. चौथ्या शतकांत वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः कवि असून त्यानें माहाराष्ट्री प्राकृतांत 'हरिविजय' नांवाचें काव्य रचिलें. तें आज समग्र मिळत नाहीं. अलंकारशास्त्रज्ञांनीं आपल्या ग्रंथांत उतरून घेतलेल्या पद्यांवरूनच त्याची ओळख उरली आहे. पुढें दण्डीनें महाकाव्यांत कोणकोणतीं वर्णनें असावींत याची यादी दिली, तींत नगर, सागर आणि चंद्रोदय यांच्या पंक्तीला मधुपानही बसविलें आहे. म्हणजे विषय कवींना वर्ज्य नव्हता. मात्र कवीची दृष्टि पेल्यापेक्षां पिणाराच्या डोळ्यांकडे अधिक. या बाबतींत कौटिल्य अधिक उपयोगी पडतो. सुराध्यक्षाच्या प्रकरणांत तो सांगतो कीं द्राक्षरसापासून होतें तें 'मधु', आणि तें ज्या देशांत होतें त्यावरून त्याला कापिशायन व हारहूरक अशीं नांवें पडतात. कपिशा म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील प्रदेश. एकाच फळाचा रस, पण भूमि बदलली कीं नांव बदलतें, हा आजच्या वाइनशास्त्राचा पहिला धडा एका अर्थमंत्र्याच्या कर-प्रकरणांत सांपडावा, हें मोठें गमतीचें आहे.

हा धडा व्यवसाय म्हणून शिकविणारें भारतांतील ठळक नांव मुंबईच्या श्रीमती सोनल हॉलंड यांचें. तिशी उलटल्यावर चालती नोकरी सोडून त्या या अभ्यासाकडे वळल्या. आयटीसी हॉटेल्सच्या वाइन-विभागाची धुरा त्यांनीं कांहीं वर्षें वाहिली, मुंबईंत स्वतःच्या नांवाची शिक्षणसंस्था काढली, आणि २०१६ सालीं 'मास्टर ऑफ वाइन' ही पदवी संपादन केली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. या वाटचालीची हकीकत त्यांनीं 'वन इन अ बिलियन' या पुस्तकांत सांगितली आहे.

ही पदवी म्हणजे काय, हें कळल्यावांचून त्या हकीकतीचें मोल कळणार नाहीं. तिची परीक्षा लंडन येथें १९५३ सालीं प्रथम घेण्यांत आली व १९५५ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र संस्था स्थापन झाली. इतक्या वर्षांनंतरही जगांतील पदवीधरांची संख्या पांचशेंच्या आंतच आहे. द्राक्षाची लागवड, रसाचें आंबवणें, व्यापार, या सर्वांवर लेखी प्रश्नपत्रिका असतातच. पण खरी कसोटी पेल्यांची. तीन दिवस, दररोज बारा पेले, आणि प्रत्येक दिवशीं सव्वादोन तास. पेल्यांवर नांव नसतें. द्राक्षाची जात कोणती, देश कोणता, रस कोणत्या रीतीनें आंबविला, प्रत कशी, हें केवळ डोळे, नाक व जीभ यांच्या साक्षीनें लिहावयाचें आणि प्रत्येक विधानाला कारण द्यावयाचें. एका पेल्यास हिशेबानें अकरा मिनिटें मिळतात! त्यांतून एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी: परीक्षार्थी घोट गिळीत नाहीं. तो जिभेवर फिरवितो आणि थुंकून टाकतो. ज्याचें डोकें जड झालें त्याची जीभ साक्षीस उभी राहूं शकत नाहीं. या विद्येचा आणि पिण्याच्या व्यसनाचा संबंध सामान्य समजुतीपेक्षां किती दूरचा आहे, याला याहून वेगळा पुरावा नको.

आतां कोणी म्हणेल, वाइनमध्यें मिरें, लोणी आणि ढोबळ्या मिरचीचा वास येतो असें हे लेखक लिहितात, तो निव्वळ कल्पनाविलास आहे. कांहीं लेखकांच्या बाबतींत हा आरोप खराही असेल. पण मूळ गोष्ट कल्पित नव्हे. सोव्हिन्यों ब्लां जातीच्या द्राक्षांत जें गंधद्रव्य असतें तेंच ढोबळ्या मिरचींतही असतें. शिराझच्या वाइनला येणारा मिऱ्यांचा वास ज्या द्रव्यामुळें येतो, तें ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं ओळखून काढलें. काळ्या मिऱ्यांतही तेंच निघालें. म्हणजे नाकानें आधीं सांगितलें आणि प्रयोगशाळेनें मागाहून होकार दिला.

शिक्षकाचें काम येथेंच सुरू होतें. आम्लता कशी ओळखावी? घोट टाकून दिल्यावर तोंडाला पाणी किती सुटतें तें पाहावें. चिंचेच्या नुसत्या आठवणीनें सुटतें तसें. तुरटपणा कसा ओळखावा? द्राक्षाच्या सालींतील व बियांतील टॅनिन लाळेंतील प्रथिनांना धरतें आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. हिरडा चघळणाराला किंवा जांभळें खाणाराला हें सांगावयास नको. इंग्रजी पुस्तकें ब्लॅककरंट आणि गूजबेरी यांचे दाखले देतात. ज्यानें तीं फळें कधीं पाहिलींही नाहींत, त्यानें तीं नांवें पाठ केलीं तर ती घोकंपट्टी होईल. करवंद, कोकम, कैरी, आंवळा हीं फळें ज्याच्या जिभेवर आहेत त्याचा शब्दकोश तेथूनच सुरू व्हावा. मराठी लेखकाला येथें मोकळें रान आहे.

या शब्दांवर कोणाचें तरी पोट अवलंबून आहे, हेंही विसरतां येत नाहीं. नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं आणि पुढें नाशिक येथें राजीव सामंत यांनीं वाइनचे कारखाने उभे केले. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारें धोरण आंखलें. आपल्या उष्ण हवेंत वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां करून द्राक्षें थंडीच्या अखेरीस उतरवितात. तीं एक आठवडा आधीं काढलीं तर रस आंबट, उशिरां काढलीं तर मद्यार्क चढा. हा दोष 'बरी नाहीं' एवढें म्हणून शेतकऱ्याला कळत नाहीं. कोणत्या बाबतींत बरी नाहीं, हें सांगणारा लागतो. आणि तो कारखानदाराच्या मेजवानीला मिंधा झालेला नसावा. नांव झांकून चव घेण्याची पद्धत त्यासाठींच आहे.

शिवाय या शिक्षकाला आणखी एक कडू गोष्ट बोलावी लागते. वाइनमध्यें शेंकडा बारा ते चौदा इतका मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या मानानें हें प्रमाण कमी खरें, पण द्रव्य तेंच. निरपायकारक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. २०२२ च्या जानेवारींत महाराष्ट्र मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास अनुमति देण्याचें ठरविलें, तेव्हां उठलेला विरोध अडाणीपणाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. वाशिमहून कांहीं तासांच्या अंतरावरील वर्धा जिल्ह्यांत तर दारूबंदी आहे. त्या वादांत एक पक्ष वाइन म्हणजे दारूच नव्हे असें म्हणत होता आणि दुसरा, ती दारूच असून तिच्याविषयीं अधिक कांहीं जाणण्याजोगें नाहीं, असें. जो शिक्षक पेला पुढें ठेवतांना शेजारीं थुंकण्याचें भांडेंही ठेवतो, त्याला यांपैकीं कोणत्याच पक्षांत बसतां येत नाहीं.