थेंब की फवारा?

डोळ्यांची निगा : लेखांक ६

मागच्या लेखांकात अश्रू कुठे तयार होतात ते पाहिलं. आज ते डोळ्यावर टिकतात कसे ते पाहू. टिकत नसतील तर पापण्यांवर मारायच्या फवाऱ्याचा किती उपयोग होतो, हेही पाहू.

एप्रिल-मेमध्ये भुसावळ, जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. दुपारची हवा एवढी कोरडी असते की दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. धुळ्याहून पारोळ्यापर्यंत मोटारसायकलवर जाऊन आलेला माणूस, जिनिंगमध्ये कापसाच्या तुसात उभा असलेला मजूर, दिवसभर संगणकासमोर बसणारी बँकेतली ताई, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच : ‘डोया चुरचुर करतस.’ डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, संध्याकाळी पापण्या जड होतात. वाचताना अक्षरं पुसट दिसतात आणि पापणी मिटून उघडली की क्षणभर स्पष्ट होतात.

काहींच्या डोळ्यांतून उलट पाणीच वाहतं. ‘डोळे कोरडे आहेत’ हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पटत नाही. पण बुबुळ कोरडं पडून चुरचुरलं की तिथल्या नसा अश्रुग्रंथीला निरोप देतात आणि ती एकदम भरपूर पाणी सोडते. हे पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

अश्रूंचा पातळ थर नुसत्या पाण्याचा नसतो. बुबुळालगत चिकट श्लेष्मा, त्यावर पाणी आणि सर्वांत वर तेलाची अतिशय बारीक साय असते. हे तेल पापणीच्या कडेवरच्या ग्रंथींतून येतं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. वय वाढलं, पापण्यांच्या कडा सुजल्या किंवा अर्धवट पापणी मिटायची सवय लागली की त्यांची तोंडं बुजतात. मोबाइलकडे टक लावली की पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून तेल पसरतही नाही.

तेलाशिवाय अश्रू का टिकत नाहीत, हे रावेर-यावलच्या केळीबागांत सहज कळेल. ठिबकनं पाणी द्यावंच लागतं, पण मे महिन्यात गादीवाफ्यावर आच्छादन नसेल तर ओल टिकत नाही. नेहमीचे ‘कृत्रिम अश्रूं’चे थेंब म्हणजे ठिबक. त्यांतलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट पाणी धरून ठेवतं. फवारा मात्र आच्छादनाच्या कामाला येतो. त्यात बहुधा सोयाबीनपासून काढलेल्या लेसिथिनचे सूक्ष्म कण, म्हणजे लायपोसोम, असतात. मिटलेल्या पापणीवर पडलेले हे कण उघडझाप होताना कडेवरून आत सरकतात आणि तेलाच्या थराला भर घालतात.

ऑकलंडच्या जेनिफर क्रेग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निरोगी डोळ्यांवर याची चाचणी प्रसिद्ध केली. एका डोळ्यावर लायपोसोमचा फवारा, दुसऱ्यावर साध्या मिठाच्या पाण्याचा. पहिल्या डोळ्यात तेलाचा थर जाड झाला आणि अश्रू अधिक स्थिर राहिले. पण २०१२ मध्ये तीन फवाऱ्यांची तुलना झाली, तेव्हा तिन्हींचा परिणाम सारखा आला नाही. त्यामुळे ‘फवारा’ एवढंच नाव पाहून बाटली घेऊ नये.

मारायचा कसा? हात धुवा. कपाशीवर औषध मारून किंवा मिरची हाताळून आला असाल तर साबणानं दोनदा. डोळे मिटा, बाटली अर्ध्या वितीवर धरा, पापण्यांवर एक-दोन वेळा दाबा. पुसू नका, थोडा वेळ पापण्यांची उघडझाप करा. दिवसातून किती वेळा, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. सोयाबीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

फवाऱ्याचा खरा फायदा कुणाला? हात थरथरणाऱ्या आजोबांना, संधिवातानं बोटं आखडलेल्या आजींना, थेंब पाहिला की पापण्या घट्ट मिटणाऱ्यांना. मुळात पाणीच कमी असेल तर मात्र थेंबच हवेत. कमी काय आहे ते तपासणीत कळतं. शर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर पाण्याची मोठी कमतरता समजतात. अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो, तेही पिवळ्या रंगाच्या मदतीनं पाहतात. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयात नेत्रविभाग आहे. तिथे दाखवता येतं.

घरचा गुलाबपाण्याचा फवारा मात्र डोळ्यांसाठी नाही. त्यात तेलाचा थर घडवणारं काही नसतं आणि बाटली निर्जंतुकही नसते. चेहऱ्यावर पाण्याचे हबके मारून घटकाभर बरं वाटतं, तेवढंच. कूलर हवेत ओलावा सोडतो, पण त्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको. गाडीवर बंद काचेचं हेल्मेट किंवा चष्मा हवाच. ग्रंथींची तोंडं मोकळी व्हावीत म्हणून पहाटे किंवा रात्री मिटल्या पापण्यांवर कोमट कापडाचा शेक पाच-दहा मिनिटं द्यावा. उन्हाळ्यात तो नकोसा वाटतो, पण बुजलेल्या ग्रंथींतलं घट्ट तेल त्यानंच पातळ होतं. फवाऱ्यानं ते होत नाही.

डोळा ठणकत असेल, नजर कमी झाली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पू येत असेल तर फवारा, थेंब दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कीटकनाशक डोळ्यात उडालं तर आधी किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा धुवा, मग दवाखाना. तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. मधुमेह, थायरॉइड आणि सर्दीच्या गोळ्यांचाही डोळ्यांच्या कोरडेपणाशी संबंध असतो.

पुढील लेखांक : मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब आणि काचबिंदू.