एका लिटरची कैफियत

नव्या मोटारीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून ती दारात आणली, की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी जो पहिला प्रश्न विचारतात तो तिच्या रंगाविषयी नसतो आणि वेगाविषयी तर मुळीच नसतो. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा तो प्रश्न. गाय दूध किती देते असे ज्या सुरात विचारावे त्याच सुरात तो विचारला जातो, आणि लिटरला अमुक किलोमीटर असे उत्तर मिळाले म्हणजे विचारणारा व सांगणारा दोघेही समाधान पावतात. जणू तो आकडा गाडीच्या रक्तातच उतरलेला आहे आणि मालकाने केवळ चरवी घेऊन बसायचे आहे. वस्तुतः ‘अ‍ॅव्हरेज’ हा आपल्या लोकांनी रूढ केलेला शब्द त्या प्रश्नाहून अधिक शहाणा आहे. सरासरी म्हणजे वचन नव्हे. चढ आणि उतार, मोकळा रस्ता आणि मुंगीच्या पावलाने सरकणारी रांग, निवांत सकाळ आणि उशीर झालेली सकाळ, या सर्वांची बेरीज करून भागाकाराअंती जे हाती येते ती सरासरी. आणि त्या बेरजेतील पुष्कळशा रकमा गाडीच्या नव्हे, तर चालवणाऱ्याच्या नावे मांडाव्या लागतात.

गाडीकडे काहीच श्रेय नाही असे मात्र नव्हे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिचे इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटरांचे आणि वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, मुंबईच्या टॅक्सीमुळे सर्वांना परिचित असलेली प्रीमियर पद्मिनी तिच्या तुलनेत १०८९ घन सेंटिमीटरांची व जवळजवळ नऊशे किलोंची. लहान गाडीची काटकसर मूलतः या हलकेपणात असते. परंतु ही जन्मजात देणगी राखायची की उधळायची याचा मुखत्यार चालवणाराच असतो, आणि त्याने आपला अधिकार डोळसपणे वापरावा असे वाटत असेल, तर टाकीत पडलेल्या एका लिटरची कैफियत त्याने एकदा तरी ऐकून घेतली पाहिजे.

त्या कैफियतीचा आरंभच विषादजनक आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा फार मोठा भाग रेडिएटरमधून आणि धुराड्यातून वातावरणात निघून जातो. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला तिचा काही हिस्सा टाकून द्यावाच लागतो, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच दाखवून दिले होते, आणि त्या नियमातून आजवर कोणत्याही कारखानदाराला सुटका मिळालेली नाही. मराठ्यांची चौथाई आपण इतिहासात वाचली आहे. इंजिनाच्या राज्यात तिचा शिरस्ता उलटा आहे. येथे तीन हिस्से आधीच वसूल होतात आणि जेमतेम चौथाई, शहरातल्या गर्दीत तीही नाही, प्रत्यक्ष चाकांपर्यंत पोहोचते. या उरल्यासुरल्या चौथाईवर पुन्हा तिघे जण हक्क सांगतात: ब्रेक, वारा आणि टायर. काटकसरीचा सारा मामला या तिघांशी होणाऱ्या तडजोडीचा आहे.

ब्रेकला या यादीत पाहून काहींना नवल वाटेल, कारण ब्रेक पेट्रोल पीत नाही. परंतु माणसांसह नऊशे किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरांच्या वेगाला न्यायची तर, तीन हिस्से वाया जातात हे धरून, सुमारे १५ ते २० मिलिलिटर पेट्रोल लागते; औषधाच्या चमच्याने मोजले तर तीन-चार चमचे. सिग्नलपाशी आपण जोराने ब्रेक दाबतो त्या क्षणी ही कमावलेली गती चाकांजवळच्या तबकड्यांत उष्णता होऊन विरते, आणि हिरवा दिवा लागताच तेवढेच चमचे पुन्हा मोजून द्यावे लागतात. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तरी असा प्रत्येक थांबा पावणेदोन रुपयांना पडतो. सिग्नलला थांबू नये, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अर्थ एवढाच, की दोनशे मीटरांवर तांबडा दिवा दिसत असताना शेवटच्या वीस मीटरांपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरणे म्हणजे जो पैसा फेकूनच द्यायचा आहे तो मिळवण्यासाठी राबणे होय. दिवा दिसताच पाय उचलावा. गाडी गिअरमध्येच असू द्यावी. हवा आणि रस्ता यांना तिचा वेग हळूहळू खाऊ द्यावा. पुष्कळदा आपण पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झालेला असतो आणि मग संपूर्ण थांबून निघण्याचा खर्च वाचतो. म्हणूनच पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहून चालवणारा आणि तिच्याही पुढच्या तिसऱ्या गाडीकडे पाहून चालवणारा, या दोघांच्या सरासरीत अंतर पडते. दुसऱ्याचा पाय अधिक हलका असतो असे नव्हे, त्याची दृष्टी अधिक लांबची असते.

निघतानाच्या शिस्तीविषयी एक गैरसमज असा, की जितके रेंगाळत निघावे तितकी बचत. इंजिनाचा स्वभाव तसा नाही. थोडक्या फेऱ्यांत बेताचा भार वाहताना ते सर्वांत किफायतशीर असते. खालच्या गिअरमध्ये ओरडत ठेवले की घर्षणातच पुष्कळ खर्च होतो. म्हणून मध्यम दाबाने वेग घ्यावा आणि वरचा गिअर लवकर टाकावा. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास-पंचावन्नला लहान पेट्रोल गाडी बहुधा पाचव्या गिअरमध्ये सुखाने चालते. ती हिसके देऊ लागली तर मात्र गिअर उतरवावा, कारण ती तिची फिर्याद असते आणि ती ऐकून न घेणे इंजिनालाच महागात पडते.

दुसरा हक्कदार वारा. शहरात तो सौम्य असतो, पण द्रुतगती मार्गावर त्याच्यासारखा कठोर वसुलीदार नाही, कारण त्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट केला तर अडसर चौपट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरांचा आहे. तो ताशी ८० ने पार करायला ७१ मिनिटे लागतील, ताशी १०० ने ५७. म्हणजे वाचलेली मिनिटे चौदा, आणि त्यांच्यासाठी वाऱ्याला दिलेला भरणा दीडपटीहून अधिक. पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी पीसीआरए ही आपली सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांचा वेग सर्वांत किफायतशीर म्हणून सांगत आली आहे. महामार्गावर मालमोटारींच्या गर्दीत इतका संथपणा सुरक्षित नसेल, तरी ऐंशी आणि शंभर यांत निवड करणे आपल्या हाती असतेच. अरब राष्ट्रांनी १९७३ मध्ये तेल रोखून धरल्यावर अमेरिकेने १९७४ च्या आरंभी साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची मर्यादा घालून दिली, ती याच गणितावर. छपरावरचा रिकामा कॅरिअर आणि वेगात उघड्या ठेवलेल्या काचा हेही वाऱ्याचेच हस्तक होत. म्हणून गावात काचा उघडून वारा घ्यावा आणि महामार्गावर त्या लावून वातानुकूलन चालवावे.

तिसऱ्या हक्कदाराचे समाधान सर्वांत स्वस्तात होते. कमी हवेचा टायर जमिनीवर पसरतो, प्रत्येक फेऱ्यात चेपला जाऊन तापतो, आणि ती उष्णताही अखेर त्या लिटरमधूनच आलेली असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किती हवा असावी याची पट्टी कारखान्याने लावलेली असते; तरीही पंपावरचा मुलगा ‘किती टाकू?’ म्हणून विचारतो तेव्हा बहुतेक मालक अंदाजाने उत्तर देतात. पट्टी वाचावी, आणि टायर थंड असताना, महिन्यातून दोनदा हवा तपासावी.

आता घाटाचा मुद्दा, कारण सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांना तो टाळता येत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. नऊशे किलोंची गाडी इतकी वर उचलायला, अंतर कापण्याचा खर्च वेगळा ठेवला तरी, सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पडते. म्हणून जाताना आणि येताना एकाच गाडीची सरासरी वेगवेगळी येते, आणि आपल्या आकड्याची बढाई मारणाऱ्या मुंबईकराला व त्याच्याशी वाद घालणाऱ्या पुणेकराला दोघांनाही खोटे ठरवता येत नाही; फक्त एकाने उतरतानाचा आणि दुसऱ्याने चढतानाचा हिशेब मांडलेला असतो.

उतरताना गाडी न्यूट्रल करण्याची, किंबहुना इंजिनच बंद करण्याची जुनी चाल अजून पुष्कळांच्या अंगवळणी आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिला आर्थिक आधार होता, कारण गिअरमध्ये उतरतानाही इंजिन थोडे पेट्रोल ओढीतच असे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात पाय उचलून गाडी गिअरमध्ये उतरू दिली, की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोलचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रल केल्यास मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी तो पुन्हा सुरू होतो. म्हणजे जुना शहाणपणा आता बचतीऐवजी खर्च करवतो. इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सारा भार ब्रेकवर येतो व ते तापून निकामी होऊ शकतात. आणि इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-चार दाबांत संपते, हे वळणावर कळून उपयोग नसतो.

काही किरकोळ रकमाही नोंदवल्या पाहिजेत, कारण एकत्र केल्या तर त्या किरकोळ राहत नाहीत. लहान गाडी जागच्या जागी चालू ठेवली तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जळते. शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट पाहत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणारा बाप दोन किलोमीटरांचा प्रवास न हलता करीत असतो. थंड इंजिन अधिक खाते, म्हणून भाजीसाठी सकाळी एक फेरी आणि औषधासाठी दुपारी दुसरी, यापेक्षा दोन्ही कामे एकाच फेरीत उरकणे हिताचे. आणि एक रक्कम अशी, की जिचा दोष ना गाडीचा ना चालवणाऱ्याचा: आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या साखर कारखान्यांच्या परिसरात त्याच्या टाक्या उभ्या दिसतात. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तेव्हा अशा मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच उणी, आणि सरासरी थोडी घसरलेली दिसली तर मेकॅनिकवर संशय घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

जाहिरातीतला आकडा आणि आपला आकडा यांत अंतर का, हाही नेहमीचा तगादा आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. तिच्यासारख्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या आलेखाबरहुकूम सुमारे वीस मिनिटे चालवून ही मोजणी होते. त्या आलेखात वेग ताशी ९० च्या वर जात नाही, वातानुकूलन बंद असते, आणि खड्डा, म्हैस व वरात यांची तरतूद नसते. तो आकडा खोटा नव्हे. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उत्तम आहे. आपल्या गाडीचा आकडा मात्र आपणच काढावा लागतो: टाकी पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर टिपून ठेवावे, तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तशीच भरावी, आणि चाललेल्या किलोमीटरांना या वेळी मावलेल्या लिटरांनी भागावे. ४१२ किलोमीटर आणि २२.९ लिटर असतील तर सरासरी १८. काट्याकडे पाहून बांधलेला अंदाज आणि हा भागाकार यांत एवढाच भेद आहे, की पहिल्यात आपली इच्छा मिसळलेली असते.

हा भागाकार येत असला, की पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या जादूच्या गोळ्या विकणाऱ्यांपासूनही संरक्षण मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, आणि लक्षणीय बचत करणारे त्यांत एकही आढळले नाही. महागड्या प्रीमियम पेट्रोलविषयीही थोडे असेच म्हणता येईल: ऑक्टेनचा आकडा म्हणजे इंधनाची शक्ती नव्हे, इंजिनात अकाली पेट न घेण्याची त्याची सहनशीलता होय, आणि साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या लहान इंजिनाला तिची गरज नसते.

फियाटच्या जमान्यातील काही मालक हातमोज्यांच्या कप्प्यात एक लहान वही ठेवीत आणि पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर व लिटर यथास्थित मांडीत. घरची मंडळी त्यांना हसत, कारण वही लिहिल्याने पेट्रोल स्वस्त होत नसे. पण अशी वही वर्षभर लिहून कोणी पाहावे. गाडी तीच, रस्ता तोच, ओझेही तेच. तरी एखाद्या पंधरवड्यात सरासरी १८ वरून १५ वर उतरलेली दिसते, आणि आठवून पाहावे तर तो परीक्षांचा, आजारपणाचा किंवा वरिष्ठांच्या धाकाचा पंधरवडा असतो, जेव्हा रोज दहा मिनिटे उशिरा निघून ती रस्त्यावर भरून काढायचा यत्न चाललेला होता. वहीत घाईसाठी वेगळा रकाना नसतो. ती लिटरच्या रकान्यातच जमा होते.