कामाच्या वाटेवरची मुकी शर्यत

सायकलवरून कामाला जाणाऱ्या कोणालाही विचारून पाहा, "रस्त्यात कोणाशी शर्यत लावता का हो?" उत्तर ठरलेले असते, "छे! पोरांचे खेळ ते. आम्हाला वेळेवर पोहोचायचे असते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गृहस्थांवर नजर ठेवा. ते आपल्या चालीने निघालेले असतात. हँडलला डबा, कॅरियरला पिशवी. तेवढ्यात मागून एक सायकल येते आणि घंटीही न वाजवता पुढे निघून जाते. गृहस्थांची पाठ आपोआप वाकते, पाय जोरात फिरू लागतात. पुढच्या चौकाच्या आत ते त्या सायकलला गाठतात, क्षणभर बरोबरीने चालवतात आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुढे जातात. आता दम लागलेला असतो, पण तो दाखवायचा नसतो. म्हणून तोंड मिटून नाकाने श्वास चाललेला असतो.

या शर्यतीत शिट्टी नाही, शेवटची रेघ नाही, बक्षीस नाही. दोघांपैकी एकाने उजवीकडचे वळण घेतले की ती संपते. तरीही जगभरच्या रस्त्यांवर ती रोज चालते. लंडनमध्ये सायकलने कचेरीत जाणाऱ्यांनी तर थट्टेने तिचे नियमही बांधले आहेत. आपण शर्यतीत आहोत हे चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही. लाल सिग्नल तोडून पुढे गेलात तर ते जिंकणे मोजायचे नाही. आणि आपल्यापेक्षा जड, जुन्या सायकलवाल्याला मागे टाकले तर त्यात काही शौर्य नाही. थट्टा खरी, पण माणसाचा स्वभाव त्यात नेमका पकडला आहे.

हा विषय शौकिनांपुरताच राहिला असता तर या पानांवर त्याला जागा देण्याचे कारण नव्हते. पण आपल्या देशात सायकल हे आधी पोटापाण्याचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसे, सायकलने कामाला जात होती. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळीला जाणारे, बेकरीचा माल पोहोचवणारे, रात्रपाळीचे वॉचमन, गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरे यांत आली. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला कोणी ना कोणी त्यांच्यात असेल. तो पडला तर त्या दिवसाचा रोजही बुडतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे निरीक्षण

माणूस दुसऱ्याला पाहून जोर का लावतो, हा प्रश्न विज्ञानाने पहिल्यांदा हाती घेतला तो सायकलवरूनच. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचा अभ्यासक होता. त्याने सायकल शर्यतींच्या अधिकृत नोंदी चाळल्या. एकटा स्वार घड्याळाशी झुंजतो तेव्हा तो सर्वांत मंद असतो. पुढे वेग धरून देणारा असला की तो जलद जातो. आणि प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी शेजारी असला की सर्वांत जलद, असे त्याला दिसले. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, हे कारण तर होतेच. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. त्याने ४० मुलांना मासेमारीच्या गळाची फिरकी फिरवायला दिली, कधी एकटे, कधी जोडीने. १८९८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राच्या इतिहासात तो आजही पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो.

त्या निबंधातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सगळी मुले जोडीने जलद झाली नव्हती. निम्म्या मुलांचा वेग वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही, आणि उरलेल्या १० जणांचे काम उलट बिघडले. ती मुले इतकी उत्तेजित झाली की हात आखडले, श्वास धापा टाकू लागला, फिरकी नीट फिरेना. चढाओढ सर्वांना सारखी मानवत नाही. कोणाला ती चालना देते, तर कोणाचा तोल घालवते. रस्त्यावर तोल घालवण्याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्यासारख्याशीच चढाओढ

आणखी एक गंमत पाहा. सायकलवाल्याला मोटारसायकल ओलांडून गेली तर काही वाटत नाही. बस गेली, रिक्षा गेली, तरी मन शांत. जीव तुटतो तो दुसरी सायकल पुढे गेली की. १९५४ साली लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने याचे कारण मांडले. आपली कुवत मोजायला बाहेर दुसरे माप नसेल तर माणूस इतरांशी तुलना करतो, आणि तीही आपल्या बरोबरीच्या माणसांशी. आपल्या घरातही हेच चालते. गावातल्या श्रीमंताच्या बंगल्याचे आपल्याला काही वाटत नाही. भावकीतल्या चुलतभावाने घराला रंग काढला की झोप उडते.

म्हणूनच रस्त्यावर हिशेब बारीक असतो. गिअरच्या नव्या सायकलवरचा तरुण पुढे गेला तर, "त्याच्याकडे गिअर आहेत," असे म्हणून मन समजूत घालते. पण दुधाचे कॅन लावलेल्या काळ्या सायकलवरचा पन्नाशीचा माणूस लुंगी सावरत शांतपणे पुढे गेला तर ती समजूत कामी येत नाही. खरे तर रोज २० किलोमीटर ओझे वाहणारे ते पाय आहेत. त्यांनी पुढे जावे यात नवल कसले?

स्त्री पुढे गेली की हा रोग जास्त उफाळतो. कामावर किंवा कॉलेजला सायकलने जाणाऱ्या मुलींना हे चांगले ठाऊक असते. तिने एखाद्याला ओलांडले की तो जिवाचा आटापिटा करून तिच्या पुढे जातो आणि पुढे जाऊन पुन्हा मंद होतो. ती परत ओलांडते, तो परत पुढे. त्याच्या दृष्टीने ही मौज. तिच्या दृष्टीने हा त्रास असतो, कधी भीतीही. तिला शर्यत लावायचीच नव्हती, तिला वेळेवर पोहोचायचे होते. आपल्या मुलांना सायकल शिकवताना ही गोष्ट घंटी आणि ब्रेक यांच्याबरोबरच शिकवायला हवी.

वाऱ्याचा हिशेब

आता या शर्यतीत मिळते काय ते पाहू. समजा काम ८ किलोमीटरवर आहे. ताशी १६ किलोमीटर या आरामाच्या चालीने ३० मिनिटे लागतात. ताशी २० ने गेले तर २४ मिनिटे. म्हणजे नफा ६ मिनिटांचा. किंमत किती? सायकलचा वेग वाढला की खरा शत्रू वारा असतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती आठपट. १६ वरून २० वर जाताना नुसत्या वाऱ्यासाठीच जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. शिवाय शहरातला रस्ता मोकळा नसतो. पुढे गेलेला आणि मागे राहिलेला दोघे पुढच्या लाल दिव्याला शेजारी शेजारी उभे असतात. फरक इतकाच की एकाचा सदरा घामाने भिजलेला असतो.

आडोशाचेही तसेच. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून चालवले तर वाऱ्याचा मोठा वाटा वाचतो. शर्यतीतले खेळाडू तेच करतात. पण त्यांचा रस्ता बंद केलेला असतो आणि पुढचा हाताने खूण करून खड्डा दाखवतो. आपल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकाला चाक लावणारा पुढचा खड्डा पाहूच शकत नाही. ताशी २० च्या वेगात एका सेकंदात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. २८ च्या वेगात पावणेआठ मीटर. ब्रेक दाबण्याचा विचार हातापर्यंत पोहोचायलाच साधारण एवढा वेळ लागतो. त्यापुढे सायकल थांबायला लागणारे अंतर २८ च्या वेगात २० च्या मानाने जवळपास दुप्पट. पावसात रिम ओली असली तर रबर धरतच नाही, मग काही बोलायला नको.

जिथे शर्यत शोभते

याचा अर्थ शर्यत वाईट असा नाही. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारुगोळा कारखान्याकडे पाळीच्या वेळी सायकलींची रांग लागे. त्याच पुण्याने मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे कौतुक केले. बोरघाटाचा चढ जो पहिला चढेल तो 'घाटाचा राजा', हा किताब लोकांच्या तोंडी असे. तिथे वाटेवर बंदोबस्त असतो, डोक्यावर हेल्मेट असते, मागे मदतीची गाडी असते आणि हरणाऱ्यालाही आपण शर्यतीत आहोत हे ठाऊक असते. कामाच्या वाटेवर यातले काहीच नसते. शाळा सुटलेली पोरे, फुटपाथ नसल्याने रस्त्यावरून चालणारी आजी, दार उघडणारी रिक्षा, हे सगळे आपल्या शर्यतीत त्यांना न विचारता ओढले जातात.

अलीकडे ही शर्यत मोबाइलमध्येही शिरली आहे. २००९ साली सुरू झालेल्या स्ट्राव्हा या अ‍ॅपवर रस्त्याच्या तुकड्यांचे विक्रम नोंदले जातात. शेजारी कोणी नसतानाही माणूस एका न दिसणाऱ्या माणसाशी झुंजत असतो. २०१० साली कॅलिफोर्नियातील बर्कली इथे एक सायकलस्वार हातातून गेलेला असाच विक्रम परत मिळवण्याच्या प्रयत्नात उतारावर अपघातात मरण पावला. कुटुंबाने कंपनीवर दावा केला. २०१३ मध्ये तो फेटाळला गेला. अ‍ॅप हे चांगले साधन आहे, पण त्याला समोरून येणारी मोटार दिसत नाही.

घड्याळाशी लागलेली शर्यत

आणखी एक शर्यत आहे आणि तिच्यात हौस नाही. कारखान्याच्या फाटकावर दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार, पार्सल वेळेत पोहोचले नाही तर जादा पैसे बुडणार, अशा धाकाने पायडल मारणाऱ्याला "सावकाश जा" एवढे सांगून भागत नाही. हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. कामाची पद्धतच त्याला पळवते. मालकांनी, पाळी ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. आपणही घरी बसून मागवलेले जेवण पाच मिनिटे उशिरा आले तर आणणाऱ्या पोरावर डाफरू नये.

रमजानच्या संध्याकाळी हीच घाई वेगळ्या रूपाने दिसते. दिवसभराचा रोजा, घशाला कोरड, आणि इफ्तारीच्या आत घर गाठायची ओढ. त्या वेळी सगळेच घाईत असतात आणि शरीरात पाणी कमी असल्याने लक्षही पटकन विचलित होते. दोन खजूर आणि पाण्याची बाटली पिशवीत असली तर रस्त्याच्या कडेला थांबूनही रोजा सोडता येतो.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहराने या घाईवर एक शहाणा उपाय काढला. नोरेब्रोगेड या गर्दीच्या रस्त्यावर सिग्नल असे बांधले की सकाळी शहराकडे ताशी २० किलोमीटरच्या चालीने जाणाऱ्या सायकलवाल्याला एकामागून एक हिरवे दिवे मिळावेत. जो पुढे पळेल त्याला लाल दिवाच भेटतो. हजारो लोक न सांगता एका चालीत चालू लागतात. उपदेश न करताही स्वभावाला वळण लावता येते, ते असे.

घरातून करण्यासारखे

वाचकहो, सायकल सोडा असे कोणी म्हणू नये. २०१७ साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकलने कामाला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, बसून प्रवास करणाऱ्यांच्या मानाने, ४१ टक्के कमी आढळला. सगळे श्रेय सायकलचेच असे अशा अभ्यासावरून म्हणता येत नाही, पण खूण मोठी आहे. आणि तिथे कोण पहिला पोहोचतो हे कोणी मोजले नव्हते. कामाला कशाने जाता, एवढेच विचारले होते.

म्हणून घरातून काही साध्या गोष्टी करता येतील. दहा मिनिटे आधी निघता यावे म्हणून डबा रात्रीच तयार ठेवावा आणि ते काम एकट्या अम्मीवर न टाकता वाटून घ्यावे. आठवड्यातून एकदा ब्रेकचे रबर आणि चाकांतली हवा पाहावी. मुलींच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावावी, म्हणजे ओढणी किंवा बुरखा अडकत नाही. डबा हँडलला न लटकवता कॅरियरला बांधावा. तरुण पोराला जोर अजमावायचाच असेल तर जुम्म्याच्या किंवा रविवारच्या सकाळी, फजरनंतर, मोकळ्या रस्त्यावर मित्रांबरोबर हेल्मेट घालून अजमावू द्यावा. मन भरले की सोमवारची ओढ कमी होते.

आणि मागून कोणी ओलांडून गेलाच तर? त्याच्या घाईचे कारण आपल्याला माहीत नसते. त्याचे फाटक बंद होत असेल, घरी कोणी आजारी असेल, किंवा तो नुसताच तरुण असेल. पुढच्या सिग्नलला तो भेटेलच. तेव्हा सलाम करावा, हवे तर "भाई, सायकल छान पळते तुमची" असे म्हणावे. रोज एकाच रस्त्याने जाणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांचे नावही न विचारता झुंजत राहतात. एका शब्दाने ती सोबती होतात, आणि सोबत्याला मागे टाकून पळण्यात कोणाला गोडी वाटत नाही.