लंकेतल्या विटा आणि मिऱ्यांचा देश

कुणाच्या ऐश्वर्याचे वर्णन फार वेळ चालले की आपल्याकडील वडीलधारी मंडळी एवढेच म्हणत, “लंकेत सोन्याच्या विटा!” असतील बापड्या, आपली चूल त्याने थोडीच पेटणार? ‘मला त्याचे काय’ या शब्दांत जी बेफिकिरी येत नाही, ती समुद्रापलीकडच्या एका नावाने येते. (त्याच लंकेची पार्वती मात्र अंगावर फुटका मणी नसलेल्या बाईला म्हणतात. म्हणींचा हिशेब असा जुळत नसतो.) कशाचाच परिणाम न होणाऱ्या माणसाला आपण नर्मदेतला गोटा म्हणतो, आणि त्याच नर्मदेतला बाण देवघरात पुजतो.

युरोपातील डेन्मार्क देशाचे लोकही नकोशा माणसाची वासलात गावाच्या नावानेच लावतात. त्याला ते ब्लॉक्सबेर्गला धाडतात. हे जर्मनीतील हार्ट्‌झ डोंगरातले चेटकिणींचे शिखर. नाहीतर हेक्केनफेल्टला, म्हणजे आइसलंडमधील हेक्ला ज्वालामुखीकडे. जुन्या काळी तेथे नरकाचे दार आहे असे मानीत. तिसरी तऱ्हा मात्र आपल्याला हसू आणणारी आहे. ‘मिरी पिकतात तिकडे जा,’ असे ते म्हणतात. मिरी पिकतात कुठे? मलबारात, आणि आपल्या कोकणातल्या पोफळींवरही मिरवेल चढलेलीच असते. त्यांचे जगाचे टोक म्हणजे आपले परसू! गंमत अशी की, 1620 ते 1845 या काळात याच डेन लोकांची वखार आणि किल्ला तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीस होता. मिऱ्यांच्या देशी खरोखरच आलेल्यांपैकी कित्येकांची थडगी तेथेच आहेत. त्यांच्या घरच्यांना ती म्हण सहज उच्चारता आली असेल काय?

नाव दूरचे असते तोवरच असे बोलणे चालते. पानिपत हे 1761 पूर्वी पुण्याच्या घराघरांत कुणाच्या जिभेवर असण्याचे कारण नव्हते. आता ते नुसते गावाचे नावही उरले नाही; कुणाचेही, कशातही पानिपत होते. त्यानंतर बरोबर 200 वर्षांनी, 12 जुलै 1961 रोजी सकाळी, आंबी नदीवरचे पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसापर्यंत पानशेत म्हणजे सुमारे 40 किलोमीटरवरचे, धरणाचे काम चालू असलेले एक गाव होते. पुढे पुण्यातल्या जुन्या घरांत लग्नामुंजींची वर्षे सांगताना ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असे म्हणू लागले.